मधल्या दाराची गाडी

रविवारी सकाळी सव्वादहा वाजता घड्याळजींच्या माडीवर दोन डब्यांची डिझेल गाडी पहिल्यांदा रुळावरून धावली. टेबलाभोवती एक फेरी पूर्ण झाली. दुसऱ्या फेरीत गाडी खिडकीपाशी आली तेव्हा घड्याळजींच्या थोरल्या बहिणीने हात आडवा घालून ती थांबवली आणि म्हणाली, "ही बाबांची गाडी नाही."

गाडीचा एकेक डबा वीतभर लांब होता. घड्याळजी दिवसभर दुकानात लोकांची घड्याळं दुरुस्त करत आणि उरलेल्या वेळात माडीवर ही गाडी करत. अशा गाडीला वेगळं इंजिन नसतं. यंत्र डब्याच्या पोटाखाली आणि ड्रायव्हर डब्याच्याच टोकाला. शेवटच्या स्टेशनावर ड्रायव्हर चालत दुसऱ्या टोकाला जातो आणि गाडी आली तशी परत निघते. गावाबाहेरच्या छोट्या रेल्वेफाट्यावर अशी एकच गाडी होती. वीसेक वर्षं ती घड्याळजींच्या वडिलांनी चालवली. फाटा बंद झाला तेव्हा घड्याळजी पाळण्यात होते. ताई बारा वर्षांची होती.

मॉडेल करणाऱ्यांची एक शिस्त असते. गाडी 'साधारण त्या काळातली' करून चालत नाही. एक दिवस निवडायचा आणि त्या दिवशी ती जशी होती तशीच करायची. तोच विटलेला रंग, तोच पोचा, तीच बदललेली काच. मग तो दिवस खाली पितळेच्या पट्टीवर कोरायचा. एकदा पट्टी कोरली की करणाऱ्याने शब्द दिला असं धरतात. घड्याळजींनी फाट्याचा शेवटचा दिवस निवडला होता. येत्या शनिवारी रेल्वे संग्रहालयाचं नवं दालन उघडणार होतं आणि ही गाडी तिथे खऱ्या गाडीशेजारी काचेच्या पेटीत राहणार होती. पट्टी तेवढी कोरायची बाकी होती.

"काय चुकलं, ताई?"

"तोंड."

घड्याळजींची बायको चहाचा ट्रे घेऊन जिना चढत होती. "कोणाचं तोंड चुकलं? ह्यांचं असेल तर मी लग्नापासून सांगतेय."

"गाडीचं गं," ताई म्हणाली. "बाबांच्या गाडीला पुढे मधोमध दार होतं. इथे बघ, तीन मोठाल्या काचा. शोरूमसारख्या."

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं. त्यांनी आवाज चढवला नाही, कारण त्यांच्याकडे पुरावे होते. या जातीच्या गाड्यांचे जेवढे फोटो मिळाले त्या सगळ्यांत तीन काचा होत्या. संग्रहालयातली खरी गाडी त्यांनी स्वतः मोजली होती. तिलाही तीन काचा होत्या. आणि वडिलांनी निवृत्तीनंतर पत्र्याच्या डब्यांपासून एक छोटी गाडी केली होती, जी अजून संग्रहालयात आहे. तिलाही तीनच.

"ती तू बघितली आहेस का?" त्यांनी विचारलं.

ताईने ती बघितली नव्हती. लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली, शिवणाचं दुकान टाकलं, आणि संग्रहालयात ती एकदाही गेली नाही. उभी करून ठेवलेली गाडी बघवत नाही, असं तिचं म्हणणं होतं.

"मी रोज शाळेला त्या गाडीने जायचे. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसायचे. आमच्या दोघांमध्ये काच होती, तिच्यातून पुढचा रूळ दिसायचा. पण अर्धाच. उरलेला त्या दाराच्या जाड चौकटीमागे. उजवं वळण आलं की बाबा मान अशी टाकायचे." ताईने डोकं डाव्या खांद्याकडे झुकवलं. "आई त्यांच्या युनिफॉर्मची कॉलर वर्षातून दोनदा उलटून शिवायची. डावी बाजूच झिजायची. मी शिवण शिकले ती त्या कॉलरीवर."

"कॉलरीवरून तू गाडी बांधायला निघालीस! म्हणजे सुतावरून स्वर्गच."

"कॉलरसुद्धा सुताचीच असते. आणि घरातले फोटो काढ की. एकात तरी त्यांची मान सरळ आहे का?"

नव्हती. घरात त्याची थट्टाच होती. फोटोवाला म्हणायचा, काका, सरळ बघा. बाबा म्हणायचे, सरळच बघतोय.

चहा निवला. घड्याळजींनी वडिलांना गाडी चालवताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांना ठाऊक असलेले वडील निवृत्त होते, बागेत बसलेले, कमी बोलणारे. वडिलांचं काम त्यांनी मोजमापांतून ओळखलं होतं, आणि ती मोजमापं चुकली असतील तर ती ओळखही गेली. त्यांनी कोरायची सुई पेटीत परत ठेवली.

"उद्या संग्रहालयात जाऊ," ते म्हणाले. "तूही चल. या वेळी कारणं नकोत."

सोमवारी दुपारी दोघं संग्रहालयाच्या शेडमध्ये पोचले. दुरुस्ती विभागाच्या प्रमुख बाई अंगावर निळा डगला चढवून गाडीच्या पायऱ्यांना तेल देत होत्या. गाडी हिरवीगार, लखलखीत, पुढे तीन रुंद काचा. ताई दारातच थबकली. मग हळूहळू चालत गाडीच्या बाजूने गेली आणि दुसऱ्या दाराच्या मुठीला हात लावून म्हणाली, "ही तीच आहे. ही मूठ उलटी बसवलेली होती. आहे बघ." आणि पुढे आल्यावर, "हे तोंड तिचं नाही."

घड्याळजींनी बाईंना सरळच विचारलं. पुढचा भाग मूळचा आहे का?

"छे," बाई म्हणाल्या. "फाटा बंद झाल्यावर मागचा डबा भंगारात गेला आणि हा लाकडाच्या वखारीत. फळ्या अंथरून त्यांवरून ओंडके आत सरकवता यावेत म्हणून त्यांनी पुढची अख्खी भिंत कापून काढली होती. आमच्याकडे आला तेव्हा हा डबा म्हणजे बोगदाच होता. तोंड आम्ही नव्याने बांधलं."

"कशावरून?"

बाईंनी त्यांच्याकडे आश्चर्याने पाहिलं. "तुमच्या वडिलांच्या मॉडेलवरून. तुम्हाला माहीत नव्हतं? मला वाटलं, म्हणूनच तुम्ही इतक्या वेळा मोजायला येता."

घड्याळजी पायरीवर बसले. खरी गाडी आणि वडिलांचं मॉडेल यांची मापं केसाइतकीही चुकत नाहीत, याचा त्यांना केवढा आनंद झाला होता. आता कळलं की ती चुकणं शक्यच नव्हतं. दोन साक्षीदार होते, आणि दुसऱ्याने सगळं पहिल्याकडून ऐकलेलं होतं.

"वीस वर्षं ही गाडी चालवलेला माणूस," बाई म्हणाल्या. "त्यांच्यापेक्षा कोणावर विश्वास ठेवायला हवा होता, सांगा ना. विचारायला ते तेव्हा राहिले नव्हते."

"आणि फोटो?"

"ते नंतरच्या खेपेच्या गाड्यांचे आहेत. पहिल्या खेपेतल्या काहींना मध्ये दार होतं असं ऐकून आहे. दोन गाड्या जोडल्या की एकीतून दुसरीत जायला. ही पहिल्या खेपेतली. पण हिचा पुढून काढलेला फोटो कुठेच नाही. रोज दारावरून जाणाऱ्या गाडीचा फोटो कोण काढतं?"

तेव्हा विचारायला उरली ती गाडीच. घड्याळजी ड्रायव्हरच्या खोलीत चढले, भिंग डोळ्यावर घेतलं आणि गुडघ्यांवर बसले. भिंत नवी असली तरी जमीन जुनी होती, उठावाची नक्षी असलेला जाड पत्रा. नव्या भिंतीच्या अलीकडे, बरोबर मधोमध, रंगाखाली गोल गोल डाग दिसत होते.

"ती भोकं वखारवाल्यांची," बाई खालून म्हणाल्या. "आम्ही लांबी भरून ती बुजवली."

घड्याळजींनी खिशातला बारीक पेचकस काढून एक भोक उकरलं. मग दुसरं. मग पुढचं. भोकं एका ओळीत होती, सारख्या अंतरावर, आणि ओळ एका माणसाच्या खांद्यांएवढी रुंद होती, दाराच्या उंबऱ्याचे बोल्ट बसावेत तशी. वखारवाल्यांनी तर अख्खी भिंत काढली होती, त्यांना एवढ्याशा उंबऱ्याचा काय उपयोग? आणि त्या ओळीला लागून पत्र्यावरची नक्षी अशी टोकदार होती की बोटाला लागावी. तिथे कधी कोणी पाय ठेवलेला नव्हता. दार होतं, पण त्या दारातून कोणी आलं-गेलं नव्हतं, कारण फाट्यावर जोडायला दुसरी गाडीच नव्हती.

मग ते डावीकडे, ड्रायव्हरच्या जागेकडे सरकले. तिथला पत्रा गुळगुळीत झाला होता. नक्षी पार गेलेली. दोन पावलांच्या जागा स्पष्ट होत्या, आणि डावी उजवीपेक्षा खोल होती. घड्याळजींनी चपला बाहेर काढल्या आणि ते अनवाणी पायांनी त्या दोन जागांवर उभे राहिले. त्यांचं वजन आपसूक डावीकडे गेलं. मान पाठोपाठ कलली.

ते बराच वेळ तसेच उभे राहिले.

सुट्टीच्या दिवशी ही गाडी बदली ड्रायव्हरही चालवत, तेव्हा झीज सगळ्यांची मिळून आहे. त्यातली वडिलांची किती, हे सांगता येणार नाही. घड्याळजींनी स्वतःच हे बोलून दाखवलं. पण बोलताना त्यांचा आवाज देवळात बोलावं तसा खाली आला होता.

"मग बाबा चुकले?" ते खाली उतरून म्हणाले. "स्वतःच्या गाडीचं तोंड विसरले?"

"बाबा?" ताई म्हणाली. "त्यांची ती छोटी गाडी मला दाखवा आधी."

बाईंनी हातमोजे चढवले, पेटी उघडली आणि पत्र्याची गाडी पांढऱ्या कापडावर ठेवली. ताईने पहिल्यांदाच ती पाहिली. ती वाकली आणि एकेक गोष्ट बोटाने, पण स्पर्श न करता, दाखवत गेली. उलटी मूठ होती. हातगाडी आदळून दबलेली पायरी होती, दबलेलीच. तिसऱ्या खिडकीची काच इतरांपेक्षा किंचित काळसर होती, कारण ती एकदा फुटून बदलली होती. पत्रा तेलाच्या डब्याचा, पण मूठ गव्हाच्या दाण्याहून लहान आणि तरी फिरणारी. चष्मा लावूनही ज्या गोष्टी नीट दिसत नव्हत्या त्या वडिलांनी म्हातारपणी, स्वयंपाकघरातल्या कात्रीने केल्या होत्या.

"हा माणूस काही विसरलेला नाही," ताई म्हणाली.

"आत कोणीतरी आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे भिंग आहे ना?"

घड्याळजींनी भिंग लावून मधल्या काचेतून आत पाहिलं. इतकी वर्षं त्यांनी या गाडीची लांबी-रुंदी घेतली होती. आतल्या अंधारात पाहण्याचं काही कारण पडलं नव्हतं. आत लाकडाचा ड्रायव्हर होता, आगकाडीच्या गुलाएवढ्या डोक्याचा. डोक्यावर टोपी, युनिफॉर्मला कॉलर, कॉलरीची दोन्ही टोकं सारखी. तो समोर पाहत होता.

त्यांनी भिंग ताईच्या हातात दिलं. तिने पाहिलं आणि पाहत राहिली.

"मान सरळ आहे," ती म्हणाली.

"वर्कशॉपचा फोरमन दर महिन्याला यायचा," ताई भिंग न काढता म्हणाली. "बाबा त्याला म्हणायचे, अहो, त्या दाराचं बघा की काहीतरी, त्यातून कुत्रंसुद्धा जात नाही. तो म्हणायचा, पुढच्या वेळी नक्की. आम्ही घरात तसंच म्हणायचो. आई म्हणायची, भाजी आण. बाबा म्हणायचे, पुढच्या वेळी नक्की."

ती हसली आणि भिंग काढून डोळे पुसले. मग तिने मान वर करून खऱ्या गाडीकडे पाहिलं. तीन रुंद काचा, बारीक चौकटी. डावीकडच्या ड्रायव्हरला उजवं वळण आरपार दिसेल असं तोंड. फोरमनने जे कधी केलं नाही ते शेवटी या शेडमधल्या लोकांनी केलं होतं, लोखंडात, पूर्ण मापात, आपण जुनं जसंच्या तसं उभं करतोय अशा समजुतीत.

वडिलांनी हे मुद्दाम केलं का, ते त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही. तिघांपैकी कोणीही तसं ठामपणे म्हणालं नाही.

"मी चुकीचं बांधलंय," बाई शेवटी म्हणाल्या. "मला समितीला कळवावं लागेल. हे कापून दार बसवावं लागेल."

"कापू नका," ताई म्हणाली.

"अगं, काल तूच म्हणालीस, ही बाबांची गाडी नाही म्हणून!" घड्याळजी म्हणाले.

"काल मी हा ड्रायव्हर बघितला नव्हता."

"पण त्या दिवशी दार होतं ना? मग तारीख कुठली कोरू मी? तीन काचांची गाडी कुठल्याच दिवशी धावली नाही."

"पाटीवर आम्ही 'अशी होती' एवढंच लिहितो," बाई म्हणाल्या. "'अशी हवी होती' लिहायची आमच्याकडे पद्धत नाही."

मंगळवारी आणि बुधवारी घड्याळजींचं दुकान बंद होतं. त्या दोन दिवसांत त्यांनी पितळेचं दुसरं तोंड केलं, मध्ये दार, जाड चौकट, ड्रायव्हरसमोर अरुंद काच. ते डब्यावर लावून त्यांनी डोळा आतल्या बाजूने टेकवला आणि माडीवरच्या टेबलाचं उजवं वळण शोधलं. ते दिसलं नाही. डोकं डावीकडे नेल्यावर दिसलं. बायको जिन्यात उभी राहून बघत होती.

शनिवारी सकाळी अकरा वाजता दालन उघडलं. खरी गाडी तीन काचांनिशी उभी आहे. समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे आणि सदस्यांमध्ये दोन मतं आहेत. पत्र्याची गाडी तिच्या जागी आहे. शेजारच्या पेटीत घड्याळजींची गाडी आहे, पुढून उघडी, आणि तिच्यासमोर दोन्ही तोंडं कापडावर ठेवलेली आहेत. ताई दुपारपर्यंत खऱ्या गाडीत ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसून होती.

दालन बघायला आलेल्या एका बाईंनी पेटीपाशी थांबून घड्याळजींना विचारलं, "मोडली का हो?"

"नाही," ते म्हणाले. "अजून ठरतंय."

पितळेची पट्टी पेटीत आहे. ती कोरी आहे.