मागून आणलेलं सोनं

तान्ह्या विश्रामच्या हिरडीवर पांढरी रेघ दिसली आणि सगुणाच्या तोंडचं पाणी पळालं. आधीची दोन्ही मुलं दात येता येताच तापाने गेली होती. म्हणून या खेपेला तिने कल्याणच्या गल्लीत घरोघर पदर पसरला होता. कुणी नथीचा मोडका आकडा दिला, कुणी चेपलेला मणी. भिकेच्या सोन्याची बाळी दात फुटायच्या आत कानात गेली की मूल जगतं, असं सगळेच सांगत.

"सोनाराची सून नि सोनं मागत फिरते!" मणी देताना शेजारच्या आवडाबाई हसल्या होत्या. "सासऱ्याची पेटी रिकामी झाली वाटतं?"

"घरचं चालत नाही ना, आवडाबाई."

आणि नेमके सासरे गोपीनाथ पायरीवरून घसरले. उजवं मनगट सुजून टम्म. नवरा आंबिवलीपलीकडे आगगाडीच्या रुळांच्या कामावर. त्यालाही हातोडी कधी धरवली नव्हती.

"दुसऱ्या सोनाराकडे देऊ या, मामंजी?"

"तो हे ठेवून घेईल आणि स्वतःचं सोनं घालील. मला सांगतेस? मी सोनारच आहे." त्यांनी सुजलेल्या मनगटाकडे पाहिलं. "तूच बस, सूनबाई. मी सांगतो तसं कर."

विश्रामला माजघरात पाळण्यात निजवून सगुणा बसली. मातीच्या मुशीत तुकडे टाकले, बाकनळी ओठांत धरून निखाऱ्यावर फुंकर घातली. ज्वाळ एकदा उठे, एकदा मरे.

"श्वास तोडू नकोस. गालात हवा धर, नाकाने घे."

तिला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. मग कधीतरी ते जमलं. आकडा आकसला, मणी गोल झाला, दोन्ही एकमेकांकडे सरकले आणि एकदम थरथरता, लखलखीत थेंब झाला. सगुणाच्या अंगावर काटा आला. हे आपण केलं!

पुढचं तिने रोज पाहिलेलं होतं, सांगावं लागलं नाही. थेंब ठोकून कांडी करायची, लाल तापवायची, पोलादी पट्टीच्या भोकांतून ओढून तार बारीक करायची. दर ओढीला तार लांबे, ताठरे; तापवली की पुन्हा मऊ होई. वळवून तिने एका टोकाला फासा केला आणि गोपीनाथांनी डाव्या हाताने पुढे केलेला डाख, म्हणजे हिणकस सोन्याची कणी, त्यावर वितळवून सांधा जोडला.

"अगो, पोर रडून निळं पडलं! कान कुठं गेले तुझे?" आवडाबाई विश्रामला कडेवर घेऊन माजघराच्या दारात उभ्या होत्या.

सगुणाने चमकून वर पाहिलं. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

"दाखव तरी बाळी." आवडाबाईंनी डोळे बारीक केले. "हे जोडलंस कशाने?"

"डाखाने."

"तो कुणाच्या घरचा?"

गोपीनाथांनी कपाळावर हात मारला. "घरचाच की! जन्मभर लावत आलो, डाख सोन्यात कोण धरतं!"

सांधा कापून टाकावा लागला. तार तोकडी पडली. डाखाशिवाय टोक गुंडाळूनच बसवायचं तर ती आणखी लांब हवी, म्हणजे आणखी बारीक ओढायला हवी. पोराला घ्यायला सगुणाने हात पुढे केले आणि तसेच मागे घेतले.

"धरा हो जरा. एवढं होऊ दे."

तापवलं, ओढलं, पुन्हा तापवलं. शेवटी एक टोक तारेभोवतीच गुंडाळून फासा केला, दुसरं त्यात अडकलं. डाखाशिवाय बाळी बसली. सगुणा मोठ्याने हसली. रडणं कधी थांबलं, ते तिला कळलंच नाही.

"सगुणा," आवडाबाईंचं बोट विश्रामच्या तोंडात होतं. "टोचतंय गं."

दात आला होता.

सगुणाने बारशाला टोचलेल्या कानातला दोरा काढून बाळी घातली. मग कपाळ, पोट, तळवे चाचपले. गार. पुन्हा चाचपले. पुढे कितीतरी दिवस तिचा हात तिथून हलेना. दात फुटल्याच्या भीतीहून तिला एक वेगळीच बोच होती: दात आला तेव्हा आपण हसत होतो.

दुसरा दातही आला. ताप नाही आला. तरी सगुणा शेगडीकडे बघायचं टाळत असे, आणि बघतही असे.

एके सकाळी आवडाबाई पदरात काहीबाही बांधून आल्या. "आमच्या लेकीच्या, शेवंतीच्या पोरासाठी मीही मागून आणलंय. करशील?"

गोपीनाथांचं मनगट एव्हाना बरं झालं होतं. तरी त्यांनी बाकनळी उचलून सगुणापुढेच केली.

सगुणाने विश्रामकडे पाहिलं. तो मुठी चोखत होता.

"करते," ती म्हणाली. "पण तुम्ही याला घेऊन इथं समोर बसायचं. आणि रडला की माझ्या पाठीत धपाटा घालायचा. हाक मारू नका, हाक ऐकू येत नाही मला."