चष्मेवाल्यांचं पातेलं

फोन आला तेव्हा मी बाबांच्या शर्टांना इस्त्री करत होते. ते कोणाला द्यायचे हे ठरलेलं नव्हतं, पण चुरगळलेले द्यायचे नाहीत एवढं आईने ठरवलं होतं. फोनही बाबांचाच. ते हिवाळ्यात गेले, आणि तेव्हापासून आई तो रोज चार्जिंगला लावत होती. का, ते मी कधी विचारलं नाही.

"चष्मेवाले आहेत का?" एका बाईने विचारलं. आवाज वयस्कर, पण घाईतला.

बाबा गेल्याचं मी सांगितलं. मग त्या म्हणाल्या की त्या व्हायोलिन दुरुस्त करतात, उन्हाळ्यातल्या संगीत महोत्सवात त्यांचा तंबू दरवर्षी बाबांच्या तंबूशेजारी असतो, आणि ऐकून फार वाईट वाटलं. बोलणं कुठे थांबवावं हे त्यांना कळेना, म्हणून पुढे म्हणाल्या, "म्हणजे यंदा त्यांचं पातेलं नाही. आमची तंबूंची अख्खी रांग पहिल्या संध्याकाळी त्यावरच जेवायची. असो. तुम्ही नका मनावर घेऊ."

"मी आणीन," मी म्हणाले.

कसलं पातेलं, कसलं जेवण, मला काहीच माहीत नव्हतं. तोंडातून निघून गेलं. त्या "अगं बाई, खरंच?" म्हणाल्या आणि एवढ्या खूश झाल्या की शब्द मागे घेण्याची सोय राहिली नाही.

बाबा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचे. वर्षातून एकदा तंबू घेऊन एकटेच त्या महोत्सवाला जायचे. गर्दी आणि सामाईक न्हाणीघरं आईला सोसत नसत, आणि मला माझी कामं असत. स्वयंपाकघराशी त्यांचा संबंध पाणी पिण्यापुरता. ताटात बटाट्याचा रस वाटाण्यांना लागला तर ते वाटाणे तसेच राहायचे. असा माणूस उघड्या मैदानात उभा राहून रांगभर लोकांना जेवू घालत होता, असं ती बाई सांगत होती. कादंबऱ्यांत माणूस गेल्यावर कपाटातून काही ना काही निघतंच. फोटो निघाला असता तर कोणता चेहरा करायचा हे मला वाचून वाचून पाठ झालं आहे. पातेलं निघालं तर काय करतात, ते कोणी लिहिलेलं नाही.

"ह्यांना गॅस पेटवता येत नव्हता," आई म्हणाली.

"माहितीये मला."

"लायटर उलटा धरायचे."

"हो गं आई."

"मग कोणाच्या हातचं होतं ते?"

बाबा गेल्यापासून आईने स्वयंपाक केला नव्हता. चहा, पाव आणि मी येताना आणलेलं काहीतरी, एवढ्यावर तिचं चाललं होतं. हा प्रश्नही तिने पावाच्या कडा काढता काढता विचारला, पण सुरी थांबली होती.

मी व्हायोलिनवाल्या बाईंना फोन लावला. "आंबटसर असायचं," त्या म्हणाल्या. "घेवड्याचे दाणे भरपूर. टोमॅटो. वर खरपूस तळलेला कांदा. आम्ही बोटं चाटायचो हो." त्यांनी बाबांच्या दुसऱ्या बाजूला तंबू ठोकणाऱ्या एका बसचालकाचा नंबर दिला.

"घेवडा?" तो म्हणाला. "छे! बटाटा आणि अंडी. भात होता. आणि आंबट कुठलं, गोडसर लागायचं. गाजर असावं."

"तुम्ही एकाच पातेल्यातलं जेवायचात ना?"

"म्हणजे काय! एकच तर होतं."

मी फोन ठेवला आणि कागदावर दोघांचं लिहून काढलं. एका माणसाने केलेला तो एक पदार्थ असणं शक्य नव्हतं. तरी मी दोन्ही प्रकार करून पाहिले. पहिल्या वेळी आईने चमचाभर तोंडात घातलं आणि म्हणाली, "आजाऱ्याला चालेल." दुसऱ्या वेळी म्हणाली, "हे कोणाला देणार आहेस? काही जुनं वैर आहे का?"

मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "ती व्हायोलिनवाली दिसायला कशी आहे?"

"मी फोनवर बोलले, आई."

"लग्न झालंय तिचं?"

"सत्तरीची असेल गं ती."

"मग मी काय विशीत आहे?"

मी हसले. ती हसली नाही. तिने बाबांचा फोन चार्जरवरून काढला आणि खणात टाकला.

"दरवर्षी डबे भरून दिले मी," ती म्हणाली. "घासून, पुसून रिकामे आणायचे आणि 'पुरलं' म्हणायचे. तिकडे जर दुसऱ्या कोणाचं पातेलं चढत होतं, तर माझे डबे काय कुत्र्यांना घालायचे? एवढं कळू दे मला. बाकी काही नको."

मला काय वाटावं तेच कळेना. बाबांच्या बाबतीत असं काही असणं मला हास्यास्पद वाटत होतं, आणि ते हास्यास्पद का वाटावं, हेही सांगता येत नव्हतं. मी त्यांना किती ओळखत होते? चष्म्याचा नंबर न बघता सांगणारा, ताटातले वाटाणे वेगळे ठेवणारा माणूस. त्यापलीकडे मी कधी गेलेच नव्हते.

महोत्सव तोंडावर आल्यावर बसचालक सुट्टीच्या दिवशी पातेलं घेऊन घरी आला. ते त्याच्याकडेच असायचं, वर्षभर त्याच्या गॅरेजमध्ये पडून. अ‍ॅल्युमिनियमचं, दोन्ही हातांनी उचलावं लागेल असं. माणूसही त्याच मापाचा. स्वयंपाकघरातल्या छोट्या स्टुलावर अंग चोरून बसला. आईने त्याला चहा दिला आणि स्वतः उभीच राहिली. ओट्यावर मी माळ्यावरून काढून धुतलेले डबे पालथे घातले होते.

"अरे, हेच की ते!" तो म्हणाला.

"हेच काय?" मी विचारलं.

"डबे. चष्मेवाल्यांचे. एकेक उघडायचे आणि ओतायचे."

"ओतायचे?" आई म्हणाली.

"पातेल्यात. सगळेच्या सगळे. त्या मैदानात सावली नाही वहिनी, दुपारपर्यंत बाटल्यांतल्या बर्फाचं पाणी. पहिल्या वर्षी म्हणाले, हे उद्यापर्यंत टिकत नाही, आजच संपवू, या सगळे. मग तेच सुरू झालं. घेवडा, भात, बटाटे, जे असेल ते."

"घेवडा नव्हता म्हणालात तुम्ही," मी म्हटलं.

"माझ्या वाडग्यात नसेल आला."

"मग हे फोनवर का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत, त्यात काय असायचं. ते काय करायचे हे कुठे विचारलंत?"

आई ओट्याला टेकली होती. "घेवड्यावर भात?" ती म्हणाली. "त्याच्यावर बटाटे?"

"आणि टोमॅटो."

"मी दाणा फुटू देत नाही घेवड्याचा. एक दाणा." मग जरा थांबून, "आणि पुढचे दिवस काय खायचे ते?"

"आमच्याकडे. आज माझ्याकडे, उद्या तिच्याकडे. फिरती पाळी."

"लोक काय म्हणायचे?"

"काय म्हणणार? चष्मेवाले, काय हात आहे हो तुमचा!"

"आणि हे?"

बसचालकाने कप बशीत गोल फिरवला. मोठा माणूस, पण त्या क्षणी त्याला स्टुलाखाली जायला जागा असती तर गेला असता. "हसायचे," तो म्हणाला.

"सांगायचे नाहीत? कोणाच्या हातचं आहे ते?"

"विचारलंच नाही हो कोणी. पोटात कावळे ओरडत असताना कोण विचारतं?"

तो गेल्यावर आई दाराची कडी लावून परत आली. तिला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं. दुसऱ्या कोणाचं पातेलं नव्हतं. मला वाटलं, आता ती बसेल, कदाचित रडेल. मी खुर्चीसुद्धा ओढून ठेवली.

"चोर," ती म्हणाली. मग म्हणाली, "घेवडा भिजत घाल."

पुढचे दोन दिवस ती ओट्यापाशी होती. रागावलेली होती की काय, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, कारण तोंडाने ती फक्त कामाचं बोलत होती. घेवडा मंद आचेवर, झाकण अर्धवट. बटाटे सालीसकट उकडायचे आणि सालीसकटच भरायचे. भात परातीत पसरून पार गार होऊ द्यायचा. कोमट भात झाकला की पहिला तोच आंबतो. अंडी कवचासकट, एकेक कागदात गुंडाळून. कांदा सर्वांत शेवटी, तळून, छोट्या कोरड्या डब्यात. पाण्याच्या बाटल्या फ्रीजरमध्ये आडव्या. शेवटच्या दिवसाचं तळाशी, पहिल्या दिवसाचं वर.

"तिथे जाऊन एकत्रच होणार आहे," मी म्हणाले. "मोठ्या दोन डब्यांत भरू या का सगळं? तळाला-वर असलं काही करायचीही गरज नाही."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी वाटाण्यांचा डबा मुकाट्याने पुसायला घेतला.

"डबे वेगळे जातील," ती म्हणाली. "आणि मी येणार आहे."

मैदान तापलेलं होतं. दूर मंचावर कोणीतरी माईकवर एक-दोन, एक-दोन करत होतं. व्हायोलिनवाल्या बाईंचा तंबू आणि बसचालकाचा तंबू यांच्यामध्ये एका तंबूपुरती जागा लोकांनी मोकळी ठेवली होती. त्यात आपण उभं राहायचं की नाही, हे मला समजेना. आई सरळ गेली आणि तिथे चूल मांडून घेतली.

उन्हं कलली तशी माणसं वाडगे घेऊन जमली. आईने डबे ओळीने मांडले, झाकणं काढली आणि प्रत्येक डब्यात एकदा बघितलं. मला वाटलं, ती वेगवेगळं वाढणार. लोकही थांबले, कोणी पुढे होईना. आईने घेवड्याचा डबा उचलला, मान दुसरीकडे वळवली आणि ओतला. मग भात. मग अंडी-बटाटे सोलून, एकामागून एक बाकीचं. वर कांदा भुरभुरवला आणि डाव भरून समोर धरला.

व्हायोलिनवाल्या बाई पहिल्या होत्या. किरकोळ अंगाच्या, बोटांवर सरसाचे वाळके डाग. एक घास घेऊन त्यांनी डोळे मिटले.

"अगदी चष्मेवाल्यांच्या हातचं," त्या म्हणाल्या.

बसचालक आपल्या वाडग्यात काहीतरी शोधू लागला.

"माझ्या हातचं आहे," आई म्हणाली. "आधीही माझ्याच हातचं होतं. त्यांना अंडं उकडता येत नव्हतं."

"असं कसं म्हणता?" त्या बाई खरंच दुखावल्या. "आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. इथेच उभे राहून ढवळायचे. कोणाला डावाला हात लावू द्यायचे नाहीत."

"ढवळायचे?"

"मग! चांगला वेळ घ्यायचे. आम्ही म्हणायचो, आता वाढा की हो. तर म्हणायचे, थांबा, अजून नाही."

आईने माझ्याकडे पाहिलं, जणू हे मला माहीत असायला हवं होतं. मी बाबांच्या हातात डाव कधी पाहिला नव्हता. वाढायचाही नाही.

आईने डाव पुढे केला. "दाखवा," ती म्हणाली.

"काय?"

"कसे ढवळायचे ते."

बाईंनी वाडगा गवतावर ठेवला. पातेल्यापाशी जाऊन डावा खांदा खाली पाडला, डाव दोन्ही हातांनी धरला आणि तळापासून सावकाश वर आणला, पुन्हा तळाशी नेला. तो खांदा मी ओळखला. भिंगं घासायच्या चाकावर वाकून वाकून बाबांचा तो तसा झाला होता.

"आणि तोंडाने पुटपुटायचे," बाई ओठ हलवत म्हणाल्या. "गाणं होतं की काय, कधी ऐकूच आलं नाही."

आई त्यांच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली, कोपराला नाक लागेल इतकी. मंचावर वाद्यं लावायला सुरुवात झाली होती. दुसऱ्यांदा घ्यायला आलेले लोक रिकामे वाडगे धरून तिथेच थांबले.

"अजून," आई म्हणाली.

बाई ढवळत राहिल्या. आई बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला वाचता आलं नाही.

"आच कमी करा," ती शेवटी म्हणाली, "खाली लागेल." पण डाव तिने परत मागितला नाही.