वरून बघू नये

इसाकू तुरुंगातून सुटून कुरोसे बंदरात परत आला, तेव्हा थोरल्या बहिणीने त्याला मागच्या दाराने घरात घेतलं. फुमिए मनाने वाईट नव्हती, पण घाबरट होती. मासळी सुकवून विकणारी एकटी बाई, गिऱ्हाईक तुटलं तर खाणार काय? तिने त्याला माडीवरची खोली दिली, गरम भात दिला आणि दिवसाउजेडी रस्त्यावर फिरू नकोस म्हणून सांगितलं. म्हणजे एक कोठडी सुटली आणि दुसरी मिळाली, एवढाच काय तो फरक.

नऊ वर्षांपूर्वी धक्क्यावरच्या दारूच्या भांडणात इसाकूने मासे ओढायचा आकडा उचलला होता आणि शेजारच्या गावचा एक माणूस मेला होता. केलं ते केलं, त्याने ते कधी नाकारलं नाही. शिक्षा भोगली. तिथे नजर समोर ठेवायची, डावीकडे वळली तरी दंड. जेवताना हात वर करून परवानगी घ्यायची, सुतारखान्यात जाताना रांगेत मुकाट पाय आपटत चालायचं. अंगात ते असं भिनलं होतं की बहिणीच्या घरीही तो बंद दारापुढे उभा राही आणि कुणीतरी उघडेल म्हणून वाट बघत बसे. फुमिए मग चिडून म्हणायची की अरे, कडी तुझ्याच हाताशी आहे.

त्याला हवं होतं ते एकच. बाप एकदा भेटीला आला होता, काचेपलीकडे बसला होता, खोकत होता. आळीच्या देवाची पालखी निघते तेव्हा दांड्याच्या सगळ्यात पुढे बापाचा खांदा असायचा, आयुष्यभर. तो म्हणाला, "सुटलास की माझ्या जागी खांदा दे. बाकी मला काही नको." पुढच्या हिवाळ्यात म्हातारा गेला. इसाकूला त्याच्या अंत्यविधीला सोडलं नाही. तेव्हापासून ती जागा त्याच्या डोक्यातून हलली नव्हती.

जत्रेच्या आदल्या आठवड्यात पालखी पुसायला देवळाबाहेर काढली. जुनी वाळवीने खाल्ली होती, ही नवी. आळीचा प्रमुख कुराहाशी, दारूच्या दुकानाचा मालक, ज्याला त्याला सांगत सुटला होता की क्योतोच्या नामांकित कारागिरांकडून करून आणली. इसाकू कुंपणाबाहेरून बघत होता. छपराच्या मागच्या कोपऱ्यातला आधार त्याने पाहिला आणि तो जागीच खिळला. आधाराची कड त्याच्याच पटाशीने उडाली होती, त्याने ती ठिगळ लावून भरली होती आणि त्यापायी पहारेकऱ्याच्या शिव्या खाल्ल्या होत्या. क्योतो कसलं डोंबलाचं! पालखी तुरुंगाच्या सुतारखान्यातली होती.

तो सरळ दुकानात गेला, समोरच्या दाराने. बापाची जागा मागितली. कुराहाशीने आधी विम्याचं कारण सांगितलं, मग माणसं भरली म्हणाला. हे तर धडधडीत खोटं होतं, कारण आळीत तरणी माणसं उरलीच नव्हती. शहरातली कॉलेजची पोरं आणि मासळीच्या कारखान्यातले व्हिएतनामी कामगार भाड्याने आणले होते. परके चालतात, आपला चालत नाही. तेव्हा इसाकूने पालखी कुठून आली ते आपल्याला ठाऊक असल्याचं सांगितलं.

कुराहाशी गल्ल्यामागून उठलासुद्धा नाही. "मला ठाऊक नाही होय? मीच आणली, स्वस्त पडली म्हणून. पण लाकडाला नाव नसतं, इसाकू. तुला आहे. तू तिच्याशेजारी उभा राहिलास की लोकांना वास येईल." आणि मग मोठेपणाने म्हणाला की हवं तर पालखीमागून कचरा उचलत चाल.

इसाकू घरी आला. पण आतून तो पेटला होता.

जत्रेच्या सकाळी आळीतल्या सगळ्या माड्यांच्या खिडक्या नेहमीप्रमाणे बंद झाल्या. पालखीत देव बसलेला असतो, त्याच्याकडे वरून बघायचं नाही. हे तिथलं तान्हं पोरही जाणतं. बासरी वाजू लागली, चढावरून खांदेकऱ्यांचं "वाश्शोई, वाश्शोई" ऐकू आलं. पुढचे ओरडायचे, मागचे उत्तर द्यायचे. पालखी फुमिएच्या दारात आली आणि माडीवरची खिडकी सताड उघडली. इसाकूने कठड्यावर दोन्ही हात टेकले आणि खाली बघितलं, मान वाकवून, निवांत.

बासरी थांबली. पुजाऱ्याने हात वर केला, आता पालखी पुढे जाईना. जमिनीवर टेकवायची नाही आणि ती ठेवायचे लाकडी घोडे पार पुलाजवळ मांडलेले. भाड्याची पोरं कण्हू लागली. सगळ्यात पुढे, बापाच्या जागी, कुराहाशी स्वतः होता. त्याची मान लालबुंद झाली होती.

"उतर खाली, हरामखोरा," तो ओरडला.

जिन्यातून फुमिए रडत म्हणाली, "इसाकू, मला इथेच राहायचंय रे." ते त्याला लागलं, चांगलंच लागलं, पण तो हलला नाही.

"मी हिला वरूनच बघत आलोय," तो सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलला. "दोन हिवाळे या छपरावर वाकून काढलेत, तुरुंगाच्या सुतारखान्यात. तेव्हा नाही कुणी उतर म्हणालं."

 माणसं पालखीकडे बघू लागली, मग कुराहाशीकडे. त्याने मान वर केली नाही.

"उतरतो," इसाकू म्हणाला. "पण बापाच्या जागी."

दांडा कुराहाशीच्या खांद्यात रुतत चालला होता. तो दांड्याखालून बाजूला झाला. इसाकू खाली आला. पुढचं दार बंद होतं. या वेळी त्याने वाट बघितली नाही, स्वतः उघडलं आणि जाऊन खांदा दिला. दांडा मानेवर बसला. जड होता, बाप सांगायचा तेवढाच जड.

पालखी निघाली. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. शेजारच्याने खांदा इतका चोरला की मधे वीतभर फट पडली. बासरीवाल्याने बासरी कमरेला खोचली. भाड्याची पोरं आळीच्या माणसांची तोंडं बघून गप्प झाली. नुसते पाय वाजत होते, एका तालात, सुतारखान्याकडे जाताना वाजायचे तसे.

"वाश्शोई," इसाकू ओरडला.

मागून उत्तर आलं नाही. त्याने परत हाक दिली. फुमिएच्या घराचं दार मागे बंद झालेलं त्याला ऐकू आलं.

मग त्याने हाक दिली आणि तिचं उत्तरही स्वतःच दिलं. पुलापर्यंत तो तसाच ओरडत गेला, एकदा पुढच्यांचं, एकदा मागच्यांचं.