वाचला असे गृहीत धरून

मराठीच्या बाईच्या हातात माईक द्यायचा, हा आमच्या कॉलेजचा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण मोडायची सोयही नाही. झेंडावंदन असो नाहीतर नव्या कॅन्टीनचं उद्घाटन, सूत्रसंचालन वर्षाली मॅडम. "तुमचा आवाज गोड आहे हो!" अहो, असेल गोड, पण मी आकुर्डीला शिकवायला येते, शाली वाटायला नाही. हे सगळं मनात. तोंडावर आपलं "चालेल सर." आम्ही तासिका तत्त्वावरची माणसं. जूनमध्ये पुन्हा बोलावणं येणार की नाही, ते विभागप्रमुख वाघचौरे सरांच्या मर्जीवर.

यंदाचं राज्यस्तरीय चर्चासत्र मात्र माझं, असं मी धरून चालले होते. त्यात माझा निबंध होता, आमच्या निघोजे गावातल्या शेतांच्या नावांवर. सगळी नावं आत्यांकडून घेतलेली. आत्या म्हणजे ठकुबाई, माझ्या सासूबाई. आमच्यात सासूला आत्याच म्हणतात. बोरीचं, चिकणी, कावळेमाळ, रुसणीची पट्टी. आत्यांच्या आजेसासूबाई नवऱ्याशी भांडल्या की जिथं जाऊन बसायच्या, ती रुसणीची पट्टी. ही सगळी शेतं आता कंपनीच्या भिंतीआड गेलीत, तिथं ट्रक उभे असतात.

आत्यांचं डोकं हल्ली दगा देतंय. हळूहळू सगळंच पुसलं जाणार, असं चिंचवडच्या डॉक्टरांनी त्यांच्यादेखतच सांगितलं. गेल्या दिवाळीत त्या कंपनीच्या गेटवर जाऊन वॉचमनला म्हणाल्या, "सरक बाजूला, चिकणीत जायचंय मला." त्या भल्या माणसानं त्यांना घरी आणून सोडलं. त्या संध्याकाळी आत्या माझा हात धरून म्हणाल्या, "वर्षाली, डोक्यात हाय तवर ही नावं येकदा मोठ्या मान्सांम्होरं वाच. मला आयकायचंय. मंग गेलं तर गेलं." आजवर त्यांनी माझ्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही.

चर्चासत्राच्या आदल्या दिवशी वाघचौरे सर म्हणाले, "मॅडम, संचालनही तुम्हीच बघा." घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! तरी म्हटलं, ठीक आहे, माईक हातात असला की आपला नंबर तरी चुकणार नाही. काय भाबडी बाई मी!

सकाळी आत्या ठेवणीतलं नऊवारी नेसून निघाल्या. रिक्षा कंपनीच्या भिंतीच्या कडेनं चालली, तशा भिंतीकडे बोट करून नेहमीसारख्या सांगत सुटल्या, "ही चिकणी. हितं बोरीचं. त्या खांबापस्नं कावळेमाळ." एकही नाव चुकलं नाही. मला इतका आनंद झाला की काय सांगू.

आत्यांना मी दुसऱ्या रांगेत बसवलं आणि गाडं सुरू झालं. दीपप्रज्वलन झालं. फोटोग्राफर तेवढ्यात बाहेर गेला होता, म्हणून समया विझवून पुन्हा पेटवल्या. मग शाल, नारळ, रोपटं. प्रमुख पाहुण्यांचं उशिरा येणं, त्यांचा परिचय, मग भाषण. 'भाषेपुढील आव्हाने' सोडून त्यांनी स्वतःच्या परदेशवारीचं सगळं सांगितलं. दर वेळी मी माईकपाशी गेले, की आत्या ताठ बसायच्या, पदर सारखा करायच्या आणि कानामागं हात धरायच्या. मी म्हणायची, "यानंतर विनंती करते की..." आणि भलत्याच कुणाला तरी शाल मिळायची. आत्या पुन्हा मागं टेकायच्या. स्टेजवरून मला सगळं दिसत होतं.

निबंधवाचन सुरू झालं तेव्हा जेवणाची वेळ कधीच टळून गेली होती. दोघांचं जेमतेम वाचून झालं आणि वाघचौरे सरांनी मला कोपऱ्यात बोलावलं.

"बाकीचे आटपा आता. पाहुण्यांना निघायचंय."

"सर, माझा राहिलाय. दोनच मिनिटं. सासूबाई मुद्दाम ऐकायला आल्यात."

"मॅडम, तुम्ही तर घरच्या. घरच्यांनी समजून घ्यायचं असतं. दरवर्षी म्हणतो तेच म्हणा."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी माईकपाशी गेले. आत्यांचा हात पुन्हा कानामागं गेला. आणि माझ्या त्या गोड आवाजात मीच म्हणाले, "वेळेअभावी उर्वरित शोधनिबंध वाचले, असे गृहीत धरण्यात येत आहे." भुकेजल्या माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सगळे वाजवतात म्हणून आत्यांनीही वाजवल्या.

जेवताना सर प्रमाणपत्रं वाटत फिरत होते. जो दिसेल त्याला "निबंध उत्तम झाला" म्हणत होते. आमच्यापाशी आले, माझ्या हातात प्रमाणपत्र दिलं आणि आत्यांना वाकून नमस्कार केला. "आजी, सूनबाईंचा निबंध एकदम उत्तम झाला हं!"

आत्यांच्या हातात जिलबी तशीच राहिली. पुढं त्या काहीच जेवल्या नाहीत.

परतीच्या रिक्षात त्यांनी हळूच विचारलं, "वाचलंस व्हय गं तू?"

"नाही आत्या. वाचूच दिलं नाही मला."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "मला बरं वाटावं म्हून बोलतीस."

"तुमची शप्पथ, आत्या!"

"अगं, टाळ्या वाजिवल्या की मी. आन त्यो येवढा मोठा सायेब, खोटं कशाला बोलंल?"

मी पिशवीतून कागद काढले. "आत्ता वाचते, ऐका."

त्यांनी कागदावर हात ठेवला. "नगं. मोठ्या मान्सांम्होरं झालं न्हवं? बास झालं. माझ्याच डोक्यात ऱ्हायलं न्हाई, त्याला तू काय करशील." आणि माझ्याच पाठीवरून हात फिरवला.

मला रडू फुटलं. सांगायचं तरी काय आणि कसं? खरं तेच तर सांगत होते.

रिक्षानं इंद्रायणीचा पूल ओलांडला. कंपनीची भिंत सुरू झाली. आत्यांचे हात मांडीवरच होते. मी भिंतीकडे बोट केलं. "आत्या, हे कावळेमाळ ना?"

त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. "आसंल बाई," म्हणाल्या. "माझं आता काय खरं न्हाई."