चारशे दहा मीटर

मी एक जुने चाक आहे, पण कुठल्याही गाडीचे नाही. माझ्यावर आजवर कोणी बसले नाही आणि मी कोणाला कुठे पोहोचवले नाही. मला कमरेइतका उंच लोखंडी दांडा आहे, दांड्याला लाकडी मूठ आहे आणि आसाशेजारी आकड्यांची एक छोटी पेटी आहे. मूठ धरून मला ढकलत चालले की दर मीटरला टक् असा आवाज होतो आणि पेटीतला आकडा एकाने पुढे सरकतो. माणूस किती चालला ते मी सांगते. तो का चालला, हे विचारणे माझे काम नाही. मित्रांनो, मी मोजणीचे चाक आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने माझ्या धावेवरचे रबर हळूहळू तासले, मला पोलादी पट्टीवरून फिरवले, पुन्हा तासले. माझा घेर बरोबर एक मीटर भरेपर्यंत त्याने मला सोडले नाही. मग तो म्हणाला, "जा आता, कोणाचं वाईट करू नकोस." मी कोणाचे वाईट कसे करणार, हे मला तेव्हा कळले नव्हते.

तिथून मी नगररचना कार्यालयात आले. शहर कसे वाढावे, कुठे रस्ता असावा, कुठे शाळा, कुठे बाजार, हे कागदावर आखणारे ते कार्यालय. मला एका तरुण मोजणीदाराच्या हाती दिले. इंचभर फरकासाठी तो तासभर वाद घालायचा, म्हणून कचेरीतले सगळे त्याला इंचराव म्हणत. त्याच्या तोंडावरही म्हणत. त्याला त्याचे वाईट वाटत नसे, उलट कोणी नुसते 'साहेब' म्हटले तर तो जरा हिरमुसायचा.

आम्ही दोघांनी अर्धे शहर पायाखाली घातले. तेव्हा शहराच्या मधल्या भागात ऑफिसांची इतकी दाटी झाली होती की सकाळी मुंगीला शिरायला वाव नसे. म्हणून वरिष्ठांनी ठरवले, की ऑफिसे उपनगरात हलवायची. उपनगराच्या टोकाला एक स्टेशन होते आणि स्टेशनापलीकडे मोकळा माळ. त्या माळाच्या मधोमध एक खुंटी ठोकली गेली. तिच्याभोवती ऑफिसांच्या इमारती उभ्या राहायच्या होत्या. स्टेशनाच्या दारापासून त्या खुंटीपर्यंत किती अंतर, ते आम्हाला मोजायचे होते.

त्या दिवशी आम्ही ते अंतर तीनदा मोजले. गवतातून सरळ गेलो, सरळ आलो, पुन्हा गेलो. तिन्ही वेळा चारशे दहा मीटर भरले. इंचरावाने मोजणीच्या पानावर आकडा लिहिला आणि खाली सही केली. वरिष्ठ खूश झाले. 'स्टेशनापासून पाच मिनिटांवर' असे मोठ्या अक्षरांत छापले गेले, आणि कंपन्यांनी त्या माळावर उड्या घेतल्या. एका समारंभात मला टेबलावर उभे करून माझा फोटोही काढला. मला तेव्हा फार अभिमान वाटला, हे कबूल करते.

मग इमारती आल्या. आराखड्यात स्टेशनापासून खुंटीपर्यंत तिरकी पायवाट होती, पण ती दोन प्लॉटांच्या मधून जात होती. एकाने अर्धी पायवाट आपल्या कुंपणात घेतली. त्याने घेतली म्हणून दुसऱ्याने उरलेली घेतली. पुढे प्रत्येकाने भिंत घातली, भिंतीला फाटक आणि फाटकाला पहारेकरी. रस्ते झाले तेही मोटारींना मोकळे धावता यावे म्हणून इतके रुंद, की पायी माणसाने ओलांडायचे म्हटले तर पुढच्या सिग्नलपर्यंत जाऊन उलटे यायचे. हे सगळे माझ्यादेखत झाले. मला कोणी पुन्हा मोजायला सांगितले नाही, म्हणून मी मोजले नाही.

एकतीस वर्षांनी इंचराव निवृत्त झाला. त्या कचेरीत एक रीत होती. मोजणीदाराच्या निरोपाला त्याच्या नावावर 'माप चुकले' अशी किती पाने आहेत ते वाचून दाखवत. कोणाची नऊ निघत, कोणाची वीस. सगळे हसत, मोजणीदारही हसत असे. इंचरावाच्या वेळी कारकून उभा राहिला आणि म्हणाला, "एकही नाही." कोणी हसले नाही. सगळ्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. मी कोपऱ्यात होते. माझाही त्यात वाटा आहे, हे निदान इंचराव विसरला नाही. नव्या यंत्रांमुळे मी भंगारात जाणार होते, तर त्याने अर्ज करून मला घरी नेले.

घरी मी स्वयंपाकघराच्या दारामागे उभे राहिले. इंचरावाची धाकटी बहीण माझ्या मुठीला पिशव्या अडकवायची. ती विधवा, भावाजवळच राहायची. त्याच नव्या ऑफिसांपैकी एका इमारतीत, नवव्या मजल्यावरच्या कँटीनमध्ये ती भाज्या चिरायला जात असे. दोन वर्षांपूर्वी तिच्या खुब्याचे हाड मोडले होते, पण स्टेशनावरून सुटणारी बस तिला अगदी दारात सोडायची, म्हणून काम चालू होते. भावाने एकदा काम सोड म्हटले, तर ती म्हणाली, "घरात बसले तर दिवसभर तुझ्यावर डाफरेन. त्यापेक्षा भाज्या बऱ्या." ते खरेच होते.

एके दिवशी बसमध्ये सूचना लागली. आठशे मीटरच्या आत स्टेशन असेल तर तिथे बस चालवायची नाही, असा नवा नियम झाला होता. ऑफिसांपासून स्टेशन चारशे दहा मीटरवर, म्हणून येत्या सोमवारपासून बस बंद. हरकत असेल त्याने शुक्रवारी सुनावणीला यावे.

इंचरावाने सूचना दोनदा वाचली आणि माझ्या मुठीवरच्या पिशव्या काढल्या.

गुरुवारी आम्ही तिघे स्टेशनाच्या दारापासून निघालो. बहीण पुढे, तिच्यामागे इंचराव आणि त्याच्या हाती मी. पहिल्याच फाटकावर पहारेकऱ्याने हात आडवा केला.

"काका, आत नाही जाता येणार."

"आत कुणाला जायचंय? आम्हाला पलीकडे जायचंय."

"पलीकडे जायला बाहेरून वळसा आहे. आम्ही पण तसंच जातो."

आम्ही वळसा घेतला. त्यानंतर दुसरा, मग तिसरा. बहीण चारदा थांबली. शेवटच्या वेळी ती भिंतीला पाठ टेकून म्हणाली, "दादा, मला नाही जमायचं रे रोज." तिच्या इमारतीच्या दारात आलो तेव्हा माझ्या पेटीत एक हजार सातशे चौतीस हा आकडा होता.

शुक्रवारी सुनावणीला समोर एक तरुण अधिकारी बाई होत्या. त्यांनी इंचरावाचे म्हणणे शांतपणे ऐकले आणि जुने पान काढले.

"काका, ही सही तुमचीच ना?"

"माझीच. तेव्हा तिथं गवत होतं. आता भिंती आहेत."

शेजारचा कारकून म्हणाला, "मॅडम, हे चाक झिजलेलं दिसतंय. यावर कसा विश्वास ठेवायचा?"

बाईंनी मला कचेरीच्या लांब व्हरांड्यात नेले. पोलादी टेपने व्हरांडा बरोबर पन्नास मीटर भरला. मग त्यांनी स्वतः मला ढकलले. माझ्या पेटीत एक्कावन्न आले. रबर झिजले, घेर कमी झाला, म्हणून मी पन्नासात एक जास्त सांगत होते. माझे म्हातारपण असे चारचौघांत उघडे पडले. मला लाज वाटली.

बाईंनी कागदावर हिशेब केला. "चौतीस मीटर वजा. तरी सतराशे उरतात. काका, तुमचं म्हणणं बरोबर आहे."

"मग बस राहील?"

त्या जरा घुटमळल्या. "हे पान रद्द झालं तर राहील. आणि पान रद्द करायची एकच पद्धत आहे. ज्यानं मोजलं, त्यानंच 'माप चुकले' लिहून सही द्यायची."

"पण ते चुकलं नव्हतं."

"मला कळतंय. पण 'जागा बदलली' असा रकाना आपल्याकडे नाही. नवीन मोजणी मागवली तर तीन महिने जातील. बस सोमवारी बंद होते."

इंचरावाने ते पान स्वतःकडे ओढले. मित्रांनो, मी तीनदा मोजले होते. रबर तेव्हा नवे होते, केसाचाही फरक नव्हता. मला बोलता आले असते तर मी ओरडले असते. त्याच्या एकतीस वर्षांत एक पान चुकीचे निघाले नव्हते, आणि जे पान सगळ्यांत बरोबर होते, त्याच्यावरच ते शब्द लिहायचे होते.

त्याने पेन मागितले. 'माप चुकले' असे स्वच्छ अक्षरात लिहिले, खाली सही केली, तारीख घातली. कारकुनाने पान नेले.

घरी बहीण वाट पाहत होती. "काय झालं रे दादा?"

"बस राहिली."

ती खाली बसली. पदराने तोंड पुसले. मग म्हणाली, "मानलं त्यांनी? काय म्हणाले?"

"जुनं माप चुकलं होतं म्हणाले."

"कोणाचं?"

"माझं."

ती हसू लागली. पुष्कळ दिवसांनी ती अशी हसली. "बघ. आणि माझ्या हातून मीठ जरा जास्त पडलं की मला आठवडाभर ऐकवतोस."

"आता नाही ऐकवणार," तो म्हणाला आणि पाणी प्यायला गेला.

त्याने तिला खरे सांगितले नाही. आजवर सांगितलेले नाही. ती रोज सकाळी बसने जाते, आणि मी पुन्हा दारामागे पिशव्या सांभाळते. माझे रबर बदलावे असे कोणाच्या मनात नाही, आणि आता ते बदलून काही उपयोगही नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मोठेपणी शहरे आखायला बसेल. तेव्हा कागदावरचा आकडा जरूर वाचा, पण तो कोणत्या सालचा आहे तेही विचारा, आणि एकदा आपल्या पायांनी तिथे चालून या. बरोबर एखादे दुखरे पाऊल असले तर फारच चांगले. तुमच्या कागदांवर एक रकाना जास्तीचा ठेवा. आणि ज्याने खरे मोजले, त्याच्या हातून खोटे लिहवून घेऊ नका.