दाराआडची जागा

मीटरबाईंना खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली होती. बत्तीस वर्षं त्या घरोघरी जाऊन विजेच्या मीटरचे आकडे लिहून आणत. तेव्हा फोटो टिपणारी यंत्रं नव्हती. हातात टॉर्च, कानामागे पेन्सिल आणि छातीशी वही, एवढाच सरंजाम. दारावर दोन टिचक्या वाजल्या की आतून आवाज यायचा, मीटरबाई आल्या, दार उघडा.

निवृत्त झाल्यावर नवराबायकोने आयुष्यातलं पहिलं स्वतःचं घर घेतलं, चौथ्या मजल्यावर. यजमान बस डेपोतले मेकॅनिक. इंजिनाच्या आवाजावरून त्याचं दुखणं ओळखायचे, पण पडदा कुठला आणि चादर कुठली, हे त्यांना अजून विचारावं लागे. त्यामुळे घर सजवायचं काम बाईंकडे आलं. नणंदेचा फोन आला, उगाच स्वतः काही करू नका, माझ्या ओळखीचा सजावटवाला पाठवते. नणंदेचं घर म्हणजे दुकानाची काच. तिथे सोफ्यावरची उशीसुद्धा परवानगीशिवाय हलत नसे. बाईंच्या तोंडून पटकन निघून गेलं, "वन्सं, मी वीस हजार घरं बघितली आहेत. मला कोण शिकवणार?"

बोलायला बोलून गेल्या. वन्संनी महिन्याभराने घर बघायला येते म्हणून सांगून टाकलं.

बाईंना काळजी नव्हती. दरवर्षीची खिशातली डायरी त्यांनी जपून ठेवली होती. एखाद्या घरात काही मनात भरलं की आकड्यांच्या कडेला दोन ओळी लिहायच्या, कधी आपलं घर झालं तर असू द्यावं म्हणून. आता झालं होतं. रिकाम्या हॉलमध्ये सतरंजीवर बत्तीस डायऱ्या मांडल्या. कामासाठी बोलावलेला सुतार हत्यारांच्या पेटीवर बसला, यजमान भिंतीला टेकले आणि बाई वाचू लागल्या. शिक्षिकाबाईंच्या दाराआड लांबट आरसा, तोही मुलांच्या उंचीला. जुळ्यांच्या घरी छत्र्या ठेवायला मातीचा उभा पाइप. बेकरीवाल्याकडे बूट घालायला बाक, बाकाखाली मांजर. एका आजोबांकडे खुंट्यांवर घरातल्या सगळ्यांच्या टोप्या, वारलेल्या आजींचीसुद्धा.

सुतार मान डोलावत होता. मग म्हणाला की दाराचं झालं, आता हॉलचं सांगा.

बाईंनी पानं उलटली. एक वर्ष, दुसरं, दहावं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. हॉल कुठेच नव्हता.

यजमानांच्या आधी लक्षात आलं. "अगं," ते हळूच म्हणाले, "मीटर कुठे असतो?"

मीटर दाराआड असतो, नाहीतर जिन्याखाली. वीस हजार घरं बघितलेल्या बाई एकाही घरात दहा पावलांपलीकडे गेल्या नव्हत्या. यजमानांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण ते साधेना. सुतारही पेटीतले खिळे मोजू लागला. बाईंना मात्र रडू यायचं तेवढं बाकी होतं. वन्संपुढे फजिती झाली असती तर तीही गिळली असती. पण इतकी वर्षं जे घर मनात बांधलं, त्याला खोल्याच नाहीत, हे त्यांना फार लागलं.

निदान एक तरी हॉल धड बघावा म्हणून दुसऱ्या दिवशी त्या शिक्षिकाबाईंकडे गेल्या. शिक्षिकाबाईंचे केस पिकले होते, आवाज अजून वर्गातलाच होता. आज मीटर नाही, तुमचं घर बघायला आले, असं म्हटल्यावर त्यांनी हात धरून पडद्यापलीकडे नेलं. सोफा होता, काचेचं कपाट होतं, कपाटात कधीच न वापरलेले कप होते. दोघी मुलाखतीला आल्यासारख्या सोफ्याच्या कडेवर बसल्या. तब्येतीची चौकशी झाली, मग घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली.

"चला हो, दाराशी बसू," शेवटी शिक्षिकाबाईच म्हणाल्या. "इथे मला बोलायला सुचत नाही."

दाराशी आल्या आणि दोघींची तोंडं सुटली. थोरलीचं बाळंतपण, धाकट्याने सोडलेली नोकरी, गुडघे, सगळं झालं. परतताना बसमध्ये बाईंना एकेक आठवत गेलं. बेकरीवाल्याने मुलीचं लग्न ठरल्याचं बायकोच्याही आधी त्यांना सांगितलं होतं, दाराआड. आजोबा आजींच्या टोपीखाली उभे राहून रडले होते. आत सोफ्यावर बसवलं असतं, तर रडले असते का?

घरी आल्याआल्या त्यांनी सुतारापुढे दारामागच्या पॅसेजकडे बोट केलं. इथे लांब बाक, पाठीला फळी, वर खुंट्या, पिवळा दिवा आणि भिंतीला जर्दाळूचा रंग. सुताराने समजावून पाहिलं की इथून माणसं नुसती येतात आणि जातात.

"मी बत्तीस वर्षं तिथेच उभी होते," बाई म्हणाल्या. "नुसतं कुणी जात नाही."

ठरल्या दिवशी वन्सं आल्या, तेव्हा हॉलमध्ये फक्त सतरंजी आणि खोकी होती. चार जिने चढून दमलेल्या वन्सं चपला काढायला बाकावर टेकल्या, हॉल कुठल्या बाजूला म्हणून विचारलं आणि उत्तराआधीच पाठ टेकून मोकळ्या झाल्या. यजमानांनी पाणी तिथेच आणलं, चहाही तिथेच. वन्संनी पाय वर घेतले. भावाच्या लहानपणीच्या फजित्या इतक्या रंगवून सांगितल्या की शेजारीण हसण्याचा आवाज ऐकून आली आणि तीही बाकावर बसली. ती गेल्यावर वन्संचा आवाज जरा खाली आला.

"वहिनी, माझ्याकडे लोक सोफ्याचं कौतुक करतात आणि अर्ध्या तासात उठतात. मला वाटायचं, त्यांना वेळ नसतो."

बाईंनी निवलेला चहा गरम करून आणला.

दिवेलागणीला वन्सं निघाल्या. चपला घालून झाल्यावर त्यांना आठवलं की हॉल बघायचा राहिलाच. यजमान घाईघाईने हॉलच्या दारात आडवे उभे राहिले.

"राहू द्या, वन्सं," बाई म्हणाल्या. "आत नुसती खोकी आहेत."

वन्संनी भावाकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं आणि पिशवी पुन्हा खुंटीला अडकवली.

"मग हे सगळं सुचलं कुठून, ते सांगा," असं म्हणून त्या बसल्या. बाई त्यांच्या शेजारी सरकल्या आणि वीस हजार घरांत एकही हॉल न बघितल्याची गोष्ट पहिल्यापासून सांगू लागल्या.