लाइटच्या धड्यातली रिकामी जागा

लाइट या एका शब्दाने माझं डोकं उठवलं होतं. आपण साधी माणसं. आपली लाइट जाते, लाइट येते, फार तर कोणी उगाच तापलं की त्याला 'लाइट घे' म्हणायचं, विषय संपला. इंग्रजीत मात्र खिडकीतून येणारा उजेडही लाइट, हलकी पिशवीही लाइट, फिकट निळा रंगही लाइट आणि चौकातला सिग्नलही लाइट. पाखरू फांदीवर अलगद उतरलं तरी लाइट, काडी ओढून काही पेटवलं तरी लाइटच. इटालियन माणसाला असला कारभार चालत नाही. त्याला दरवेळी नवा शब्द हवा: लूचे, लेज्जेरो, क्यारो, सेमाफोरो, पोझार्सी, आच्चेन्देरे. या सगळ्यांचा मिळून आमच्या स्टुडिओत एक धडा होता.

इंग्रजी येणाऱ्यांना घरबसल्या इटालियन शिकवणारे धडे आम्ही बनवायचो. आवाज माझ्या ताईचा, कापाकापी माझी. धड्याची रीत अशी: आधी इंग्रजी वाक्य, मग इटालियन शब्द, मग रिकामी जागा. त्या जागेत ऐकणाऱ्याने तो शब्द म्हणायचा. बाकीचे लोक ही जागा मशीनने भरतात, म्हणजे नुसतं शून्य, आवाजच नसलेला तुकडा, चिकटवतात. ताईला ते पटत नव्हतं. ती काचेच्या खोलीत माइकसमोर खरोखरच गप्प बसायची, एक बोट वर करून, आणि आवाज न काढता, नुसते ओठ हलवून शिकणाऱ्याचं उत्तर स्वतः म्हणायची. उत्तर संपलं की बोट खाली. "तिथे कोणीतरी बोलणार असतं गं," ती म्हणायची. "त्याच्यासाठी जागा राखायला नको?" लांब शब्दाला लांब जागा, शिवाय लाजाळू माणसासाठी वर थोडी सवलत. तुझा विद्यार्थी तोतरा दिसतोय, असं मी तिला चिडवायचे. तुझ्यासारखा भसाडा तरी नाही, असं ती म्हणायची.

मग तिच्या घशात गाठ निघाली. आवाज आधी घोगरा झाला, वाळूवर झाडू फिरवल्यासारखा, आणि ऑपरेशननंतर पूर्णच गेला. धडे मात्र त्याच्या कितीतरी आधीचे. त्यांतला तिचा आवाज अगदी खणखणीत.

आमच्या मालकांना आम्ही त्यांच्या मागे झटपट म्हणतो. झटपटना हे धडे आता मोबाइलवर आणायचे होते. "मधल्या जागांत श्वास ऐकू येतात, खुर्ची करकरते," ते म्हणाले. "सगळं पुसा आणि शून्य टाका. लाइटचा धडा आधी द्या, नमुना म्हणून." मी तोंड वाकडं केलं, पण कामाला लागले.

पहिली जागा लूचेनंतरची. मी हेडफोन लावले. ताईचा खणखणीत 'लूचे' आला, मग तिचा श्वास आला, आणि मग कोणीतरी हलकेच म्हणालं, 'लूचे'.

हा धडा मीच कापला होता. त्या जागेत श्वासाशिवाय काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पडद्यावरची आवाजाची रेघही तिथे जवळजवळ सपाट होती. इकडचा आवाज तिकडे झिरपला असेल, असं म्हणत मी सवयीने ती जागा पुसली आणि शून्य चिकटवलं. माझा हात आधी चालतो, डोकं मागून येतं.

संध्याकाळी घरी गेले तर ताई खिडकीपाशी बसून जुन्या प्लेअरवर तेच धडे ऐकत होती. आवाज गेल्यापासून ती रोज ऐकायची, आणि रिकामी जागा आली की ओठ हलवायची. मांडीवर पाटी, लहान मुलांची असते तशी. तिचं सगळं बोलणं आता त्या पाटीवर. मला बघून तिने हेडफोन काढले, कानात करंगळी घालून हलवली आणि लिहिलं: 'लूचेनंतर कान बंद होतात माझे. आजपासूनच.'

तिच्या प्लेअरमधली प्रत वेगळी, माझ्या टेबलावरची वेगळी. दोन्हींचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. "मळ साचला असेल," मी म्हणाले आणि विषय बदलला. आमच्याकडे दुसरा विषय एकच होता, ऑपरेशन.

आणखी एका ऑपरेशनने आवाज परत येऊ शकेल, असं डॉक्टर म्हणाले होते. 'येऊ शकेल' यावर त्यांनी जोर दिला होता. जागा फार नाजूक आहे, जिवालाही धोका आहे, हेही त्यांनी सांगितलं होतं. मी त्यातलं पहिलं तेवढंच ऐकलं. मला तिचा आवाज हवा होता. 'ऊठ गं म्हशे' अशी सकाळी हाक मारणारा, शेजारणीची हुबेहूब नक्कल करणारा. त्याच्याशिवाय घर मला खायला उठायचं. तिला मी विचारलं होतं, नाही असं नाही, पण कोणतं उत्तर हवंय ते माझ्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"बॅग भरून ठेवू ना? परवा जायचंय," मी म्हणाले.

तिने लिहिलं: 'चालेल.' आई गेल्यापासून तिचं हे असंच. मला काही हवं असलं की तिचं 'चालेल' तयार.

दुसऱ्या दिवशी मी लेज्जेरोची जागा उघडली. आतून उत्तर आलं, 'लेज्जेरो', आणि या वेळी मी आवाज ओळखला. ताईचाच होता, पण घोगरा. तोच वाळूवरचा झाडू. हा धडा रेकॉर्ड झाला तेव्हा तो घोगरेपणा तिच्या गळ्यात आलाही नव्हता. बाहेर झटपट कोणाला तरी फोनवर झापत होते, खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, आणि मी पाय वर घेऊन खुर्चीत आक्रसून बसले होते.

मग मी घरी फोन लावला. ताई फोन उचलते आणि नखाने एकदा वाजवते, म्हणजे हो. "ताई, आज सिग्नलपर्यंतच ऐक. पुढचं उद्या." टक्. तिचं ऐकून होईस्तोवर मी थांबले. दुपारी एकेक जागा उघडून ऐकली. क्यारोनंतर घोगरा क्यारो. सेमाफोरोनंतर घोगरा सेमाफोरो, जरा अडखळत. पोझार्सीनंतर नुसता श्वास.

म्हणजे ओठ ती तिथे हलवत होती आणि त्या दिवशी हलवलेले शब्द इथे उमटत होते. मला रडू येत होतं की हसू, कोण जाणे. तिचा आवाज कुठेही गेला नव्हता, इथे येऊन राहिला होता. आणि त्यातला एक शब्द मी माझ्याच हाताने पुसून बसले होते.

झटपट आत आले तेव्हा मी हेडफोन त्यांच्यापुढे धरले. "जरा ऐकता का?"

त्यांनी कपाळाला आठ्या घालून ऐकलं. "श्वास आहे. तोच तर काढा म्हटलं ना?"

"आणखी काही नाही?"

"अहो, रिकाम्या जागेत आणखी काय असणार?" ते म्हणाले आणि गेले. मी धड्याची दुसरी प्रत काढली, तिच्यात शून्यं चिकटवली आणि ती त्यांना देऊन टाकली. मूळ धड्याला पुन्हा हात लावायची माझी छाती नव्हती.

त्यानंतरची सकाळ ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची. संध्याकाळी दवाखान्यात भरती व्हायचं होतं. बॅग दाराशी भरून ठेवली होती, वर ताईचा निळा गाऊन. निघताना मी तिला म्हणाले, "पाखरापर्यंत, पोझार्सीपर्यंत सकाळी ऐक हं. शेवटचं चहाच्या वेळी." तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि मान हलवली.

स्टुडिओत दार लावून मी पोझार्सीची जागा उघडली. ती जरा लांब आहे, लाजाळू माणसाच्या सवलतीसकट. ताईचा खणखणीत आवाज आला, श्वास आला. पोझार्सी मात्र आलं नाही. मी हेडफोन कानांवर दाबून धरले. तेव्हा अगदी कानाशी, घोगऱ्या आवाजात ती म्हणाली, "नको गं. मला भीती वाटते. तुला नाही म्हणायला जमत नाही मला."

मी ते पुन्हा ऐकलं नाही. इतके दिवस तिच्या आवाजासाठी जीव टाकत होते मी, आणि त्या आवाजाला हेच सांगायचं होतं. मला तिचा राग आला नाही, स्वतःची लाज वाटली. ती पाटीवर 'चालेल' लिहीत होती आणि मी ते खरं मानत होते, कारण मला तेच सोयीचं होतं.

फोन करून सांगता आलं असतं. पण फोनवर तिने पुन्हा एकदा टक् केलं असतं, 'चालेल' म्हणून, आणि मी पुन्हा ते खरं मानलं असतं. एक जागा अजून उरली होती, आच्चेन्देरेनंतरची. ती ताईने आज अजून ऐकली नव्हती.

मी ती जागा उघडून रेकॉर्डिंग लावलं आणि काचेच्या खोलीत गेले. माइकसमोर मी जन्मात कधी बसले नव्हते. तिच्या खुर्चीत बसले, खुर्ची करकरली. खोलीत मी एकटीच होते, तरी कोणीतरी माझ्यासाठी गप्प बसलंय असं सारखं वाटत होतं. मी बोट वर केलं, का केलं ते मला माहीत नाही, आणि त्या जागेत बोलले. "ताई, नको तर नको. मी परत विचारणार नाही. तू कधीच बोलली नाहीस तरी चालेल. तू घरात असलीस की झालं." मग बोट खाली केलं. जागा तेवढ्यातच संपली, जणू मापूनच ठेवली होती.

घरी पोचेपर्यंत माझ्या मनात शंभर शंका. तिच्या प्लेअरमधली प्रत वेगळी, माझी वेगळी. वेड लागलंय मला, असं मी जिना चढताना स्वतःला दोनदा बजावलं.

दाराशी बॅग नव्हती. ती रिकामी होऊन कपाटावर गेली होती, आणि निळा गाऊन ताईच्या अंगावर होता. ती खिडकीपाशी बसली होती, हेडफोन गळ्यात, शेजारी चहाचा रिकामा कप.

"बॅग कोणी काढली?" मी विचारलं.

तिने मांडीवरची पाटी माझ्याकडे वळवली. मी यायच्या आधीच लिहून ठेवलेलं होतं: 'ऐकलं. फारच भसाडा आहे गं तुझा आवाज.'